पुढं सरका, छप्पर गळतंय

एसटीच्या बसमध्ये मुलांचं वय वाढत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि पाच ते बारापर्यंत अर्धं, असा नियम असल्यामुळं आईच्या मांडीवर बसून पाय जमिनीला टेकवणारं पोरही ‘आत्ताच चौथं लागलंय’ असतं. मी 31 वर्षं कंडक्टरकी केली, पण पाच पूर्ण झालेलं मूल मला बसमध्ये क्वचितच भेटलं. निवृत्त झाल्यावर नातीला बालवाडीत घालायला गेलो, तर तिथं सगळंच उलटं. अडीच वर्षांची पोरं आईच्या कडेवरून ‘साडेतीनची’ होऊन उतरत होती. बाई जन्माचा दाखला मागत होत्या आणि आया ‘दाखल्यात चुकून कमी पडलंय’ म्हणून सांगत होत्या. त्या दिवशी मला कळलं, आपण निवृत्त झालेलो नाही. नुसता डेपो बदललाय.

बालवाडी आमच्या सांगलीतल्या गल्लीतलीच, महिला मंडळानं चालवलेली. एक लांबट खोली, पुढं पडवी, डोक्यावर सिमेंटचे पत्रे. भिंतीवर 2019 च्या महापुराची मातकट रेघ आहे. तीनदा रंग मारला तरी ती आतून वर येते. शेवटी बाईंनी तिच्यावरच मुलांची उंची मोजायला सुरुवात केली. पोरगं ‘पुराला लागलं’ की पहिलीत जायला तयार, असा आमच्याकडचा हिशोब आहे.

दुसरा हिशोब पैशाचा. तो मला खजिनदारांनी सांगितला. हे गृहस्थ बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना कॅशियरसाहेबच म्हणतात. मुलं 38, फी महिना 300, म्हणजे 11,400 रुपये. दोन बाईंना चार-चार हजार, मावशींना तीन हजार, म्हणजे 11,000. उरले 400. त्यात लाइटबिल, खडू, फिनेल आणि 15 ऑगस्टच्या लिमलेटच्या गोळ्या. एवढ्यात संस्था चालत नाही, ढकलावी लागते. आमच्या भाषेत धक्का-स्टार्ट.

आणि जुलैत पत्रे गळायला लागले. एकदोन ठिकाणी नाही, सतरा ठिकाणी. मावशींनी बादल्या, पातेली, डबे, शेवटी हळदीकुंकवाचं मोठं ताट, जे हाताला लागेल ते ठिपक्याखाली ठेवलं. मुलांना मजा वाटली. सतरापर्यंतचे आकडे त्यांना त्याच आठवड्यात पाठ झाले. बाईंनी अठरा शिकवायला घेतलं तर एक मुलगी वर बघून म्हणाली, “अठरा अजून गळत नाही.”

पत्रेवाल्यानं येऊन वर बघितलं, जीभ टाळूला लावून ‘च्च’ केलं आणि 46,000 सांगितले. त्या ‘च्च’चे पाच हजार असावेत, असा माझा अंदाज आहे.

मी म्हटलं, सरकारकडं अर्ज करू. कॅशियरसाहेबांनी चष्मा कपाळावर घेतला. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आमची पोरं हक्क सुरू व्हायच्या अलीकडच्या स्टॉपवर उभी. अंगणवाड्यांची योजना सरकारनं 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू केली, पण ती सरकारी, आम्ही मंडळवाले. राहिलं 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. त्यानं तीन ते आठ वर्षांच्या वयाला ‘पायाभूत टप्पा’ म्हटलंय. पायाबद्दल आमची तक्रार नव्हतीच. आमचं अडलं होतं छपरापाशी.

तेव्हा सभा बोलावली. सभेला अकरा जण होते आणि त्यातला प्रत्येक जण कल्पना घेऊन आला होता. पैसे घेऊन कुणीच आलं नव्हतं.

अध्यक्षकाकूंनी प्रास्ताविकात ताराबाई मोडकांचं नाव घेतलं. 1945 साली ताराबाई ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. माँटेसरीची महागडी साधनं तिथं परवडणार नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, पानं, गारगोट्या यांच्यावर काम भागवलं. पुढं कोसबाडला अनुताई वाघांनी ते काम वाढवलं. हे ऐकून सगळ्यांना भरून आलं. आमच्या बालवाडीतही चिंचोक्यांवरच गणित चालतं. तेवढ्यात धाकट्या बाई म्हणाल्या, “ते चिंचोकेसुद्धा कमी व्हायला लागलेत. शंभर होते, आता नव्वदही भरत नाहीत. उंदीर नेतायत बहुतेक.” कॅशियरसाहेबांनी ‘चिंचोके: तूट’ अशी इतिवृत्तात नोंद केली.

मग मीही बोललो. म्हटलं, कर्मवीरांच्या वसतिगृहातल्या मुलांना जेवायला घालायला लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्र मोडलं होतं. सभेत एकदम शांतता झाली आणि सगळ्या बायकांचे हात गळ्याशी गेले. अध्यक्षकाकूंनी ताबडतोब पुढचा विषय घेतला.

सभा संपता संपता मी नातीची चप्पल शोधायला पडवीत गेलो. परत आलो तर मी निधी समितीचा प्रमुख झालेलो होतो. कारण एकमतानं दिलं गेलं : “तुम्हाला लोकांकडून पैसे घ्यायची सवय आहे.”

पहिला उपक्रम भडंगाचा. सांगलीत भडंग विकायला ठेवणं म्हणजे पंढरपुरात बुक्क्याचं दुकान काढण्यासारखं आहे, हे मी सांगून बघितलं. पण मंडळातल्या प्रत्येकीचं म्हणणं, की बाजारातल्या भडंगात आता ती मजा राहिली नाही आणि ती मजा फक्त आपल्या हाताला आहे. अशा आठ हातांनी एकाच कढईत मजा आणायची ठरली. एकीच्या मते लसूण सालासकट ठेचायचा, दुसरीच्या मते साल म्हणजे माहेरचा दोष. एकीनं साखर घातली, दुसरीनं ती गोडी मारायला तिखट घातलं, तिसरीनं तिखट मारायला परत साखर. कढीपत्ता कुरकुरीत झाला की नाही हे बघायला जी यायची ती मूठभर शेंगदाणे चाखून जायची. कढईतला माल आणि पिशवीतला माल यांचा मेळ शेवटपर्यंत लागला नाही. रूटवर एवढी गळती झाली असती तर मला मेमो मिळाला असता.

200 पाकिटं झाली, पाकिटाला 50 रुपये. साहित्याला 5,800 लागले. अध्यक्षकाकूंच्या घरचा गॅस संपला, तो खर्चात धरायचा नाही असं काकू म्हणाल्या आणि मग रोज एकदा ‘तो धरायचा नाही म्हटलं मी’ अशी आठवण करून देऊ लागल्या. ऑगस्टमधल्या एका रविवारी गणपतीच्या देवळाकडच्या रस्त्याला टेबल मांडलं आणि पावसानं तो रविवार आमच्यासाठी राखून ठेवलेला निघाला. भडंगाचं कसं आहे, त्याला अपमान सहन होतो, दमट हवा सहन होत नाही. 160 पाकिटं खपली. राहिलेली 40 सादळली. सादळलेलं भडंग चावताना आवाज होत नाही. नुसता पश्चात्ताप होतो. ती पाकिटं समितीनं आपसांत वाटून घेतली. निव्वळ शिल्लक 2,200.

दसरा-दिवाळीच्या साफसफाईला दुसरा उपक्रम : रद्दी. ‘तुमची अडगळ, आमची शाळा’ अशी पाटी मी स्वतः रंगवली. वाचणाऱ्यानं स्वल्पविराम वगळला की अर्थ बदलायचा, पण रद्दी भरपूर आली. 310 किलो. किलोला 12 रुपयांनी 3,720, टेम्पोचे 600 वजा जाता 3,120. नुसत्या आकड्यात उपक्रम यशस्वी झाला. घोटाळा घरगुती पातळीवर झाला. समितीतल्या एका काकूंनी माळ्यावरचे यजमानांचे चाळीस वर्षांचे दिवाळी अंक एका दुपारी देऊन टाकले. यजमान संध्याकाळी फिरून आले, माळा बघितला, बूट न काढता तसेच रद्दीवाल्याकडं गेले आणि एकेक अंक निवडून 20 रुपयांनी परत विकत घेतला. म्हणजे आमच्या निधी संकलनात खरा नफा झाला तो रद्दीवाल्याला. तो आता मला रस्त्यात नमस्कार करतो.

मधल्या काळात सुटे विचारही येत होते. मिक्सरची सोडत काढावी असं एकानं सुचवलं. लॉटरीला सरकारी परवानगी लागते, असं कॅशियरसाहेबांनी सांगितल्यावर तो मिक्सर मनातल्या मनातच फिरला. एक दाते 501 रुपये द्यायला तयार झाले, पण ‘एटीजी’ची पावती हवी म्हणाले. आयकराची ती सवलत द्यायला संस्थेची वेगळी नोंदणी लागते. आमच्याकडं ती नव्हती. दाते म्हणाले, “मग नोंदणी झाली की सांगा.” त्यांच्या आवाजातला सुटकेचा आनंद मी ओळखला. ‘सुट्टे नाहीत, उतरताना देतो’ म्हणणाऱ्या प्रवाशाचा आवाज तसाच असतो.

कुणीतरी सांगितलं, मोठ्या कंपन्यांकडं जा. त्यांना 2013 च्या कंपनी कायद्यानं नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करावेच लागतात. गेलो. एका कारखान्यातल्या सभ्य तरुणानं गार पाणी दिलं आणि अर्ज दिला. अर्ज 14 पानी. तीन वर्षांचे ऑडिट, लाभार्थ्यांची पूर्वस्थिती, लाभार्थ्यांची नंतरची स्थिती आणि ‘प्रकल्पाचा मोजता येणारा परिणाम’. आम्ही तिघांनी रात्री बसून लिहिलं : पूर्वस्थिती – ओले. नंतरची स्थिती – कोरडे. उत्तर अजून आलेलं नाही.

एका सद्गृहस्थांनी मातोश्रींच्या स्मरणार्थ 40 स्टीलचे पेले दिले. प्रत्येकावर मशिननं मातोश्रींचं संपूर्ण नाव, गाव, देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून. एवढं सगळं बसवायला पेल्याच्या पोटाला दोन वेढे द्यावे लागले. पेले चांगलेच होते, पण ज्या शाळेत कुणालाही वाचता येत नाही तिथं एवढा मजकूर म्हणजे वाया गेलेला खर्च. बालवाडीत प्रत्येक मुलाला एक चित्र ठरवून दिलेलं असतं; ते त्याच्या खुंटीवर, पाटीवर, डब्यावर चिकटवलेलं असतं. बाईंनी मातोश्रींच्या नावाशेजारी पोपट, कासव, छत्री, गाजर अशी चित्रं चिकटवली. वर्षश्राद्धाच्या दिवशी सद्गृहस्थ भेटीला आले, तेव्हा एक मूल हातात पेला धरून त्यांना म्हणालं, “हे माझं गाजर.” सद्गृहस्थ जरा वेळ काही बोलले नाहीत.

मोठा बार दिवाळीनंतर उडवायचा होता : मुलांचं नाटक आणि त्यानिमित्त स्मरणिका. सांगलीत पैसे जमवायचे आणि नाटक करायचं नाही, हे गावाच्या रक्तात बसत नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथंच. त्यांच्या मागं संस्थानिक पटवर्धन उभे होते. आमच्या मागं मंडपवाला उभा होता आणि तो आगाऊ मागत होता.

मुलांच्या नाटकाचं अर्थशास्त्र सोपं आहे. एक मूल रंगमंचावर चढलं की खाली आई, बाप, दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि एखादी आत्या बसते. तेव्हा 38 च्या 38 मुलांना भूमिका पाहिजे. बाईंनी जंगलातली गोष्ट निवडली. एक राजा, एक राणी, एक ससा आणि 35 झाडं. तिकीट 30 रुपये. देवळाचा सभामंडप फुकट मिळाला. दारावर मी, गळ्यात जुनी कातडी बॅग. एका आजींनी विचारलं, “नात काय झालीय?” म्हटलं, “झाड.” म्हणाल्या, “झाडासाठी तीस रुपये? राजा असती तर ठीक होतं.”

नाटक छान झालं. म्हणजे जे ठरलं होतं ते सोडून बाकी सगळं झालं. ससा स्वतःचे कान बघण्यात गुंतला. राजानं राणीला सगळ्यांसमोर विचारलं, “तुझा डबा काय होता?” एका झाडाला तिसऱ्या रांगेत आजोबा दिसले. ते सावकाश रंगमंच उतरलं, आजोबांच्या मांडीवर बसलं आणि उरलेलं नाटक तिथूनच बघितलं. दुसऱ्या अंकात जंगलतोड इतकी वाढली, की राजाला शिकारीला जायला जंगलच राहिलं नाही. 190 तिकिटांचे 5,700. मंडप आणि स्पीकरचे 1,800, खाऊचे 600. शिल्लक 3,300.

स्मरणिकेनं मात्र दगा दिला. पूर्ण पानाला 1,000, अर्ध्याला 500, ‘हितचिंतक’ म्हणून नुसती एक ओळ 200. पिठाची गिरणी, टेलर, कुल्फीवाला, दातांचे डॉक्टर, सगळ्यांच्या जाहिराती मिळवल्या. एका दुकानदारानं 200 दिले आणि ‘नाव नको, एक हितचिंतक म्हणून छापा’ असं सांगितलं. छापलं. अंक निघाल्यावर आठवडाभर गल्ली ‘हा कोण’ याच्या शोधात होती आणि दुकानदार रोज सकाळी मला विचारत होता, “कुणी काही विचारलं का?” जाहिराती लागल्या 11,500 च्या, हातात पडले 8,200, छपाईचे 9,000. तोटा 800. शिवाय संपादक म्हणून माझा फोटो दातांच्या डॉक्टरांच्या जाहिरातीशेजारी आला, ‘उपचारापूर्वी’ या मथळ्याला लागून. उरलेले गठ्ठे पडवीत आहेत. पुढच्या वर्षीच्या रद्दीची तेवढी सोय झाली.

नोव्हेंबरच्या शेवटी कॅशियरसाहेबांनी बेरीज मारली. 2,200 अधिक 3,120 अधिक 3,300 उणे 800 : एकूण 7,820 रुपये. चार महिने, अकरा माणसं. “या वेगानं,” ते म्हणाले, “पत्रे बदलायला दोन वर्षं लागतील. तोवर ही पोरं पुराला लागून पहिलीत गेलेली असतील.”

त्या रात्री झोप येईना म्हणून मी पावत्या घेऊन बसलो. कंडक्टरला वे-बिल भरून ताळा बसल्याशिवाय चैन पडत नाही. भडंग कुणी घेतलं, रद्दी कुणी दिली, तिकिटं कुणी काढली, जाहिराती कुणी दिल्या, अशी नावं एका कागदावर लिहीत गेलो. आणि कागद भरेचना. फिरून फिरून तीच नऊ घरं. तीच नऊ घरं भडंग खाऊन, वर रद्दी देऊन, नाटक बघून, आपल्याच गिरणीची जाहिरात आपणच वाचत होती. एकाच प्रवाशाला मी चार महिने चार वेगवेगळी तिकिटं फाडून देत होतो. रूटवर हे केलं असतं तर तपासनीसानं मला पुढच्या थांब्यावर उतरवून घेतलं असतं. आणि बाकीची बस? बाकीच्या बसमध्ये मी गेलोच नव्हतो. पुढच्या दारापाशी ओळखीची माणसं उभी होती, त्यांच्याशीच बोलत बसलो होतो.

सकाळी कॅशियरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “ही तर पैसा फंडाची कल्पना.” मला ठाऊक नव्हतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अंताजी दामोदर काळ्यांनी हे मांडलं होतं : प्रत्येक माणसानं वर्षाला एक पैसा द्यायचा. बस, एकच. टिळकांनी ते उचलून धरलं आणि त्या पैशा-पैशातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. मी म्हटलं, पैशाला आता विचारतं कोण; आपण मासिक पास काढू. महिना 50 रुपये. त्या बदल्यात भडंग नाही, नाटक नाही, फोटो नाही. फक्त पास, आणि दर महिन्याला त्याला मी माझ्या जुन्या पंचनं भोक पाडणार.

पुठ्ठ्याचे पास केले. मागं नियम लिहिले : ‘पास हस्तांतरणीय नाही. पत्रे बसेपर्यंत वैध.’ मग सकाळी दुधाच्या वेळेला आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर, अशा दोन फेऱ्या सुरू केल्या. नऊ घरं सोडून बाकी सगळीकडं.

सवाल भरपूर आले. कोपऱ्यावरच्या वहिनींनी विचारलं, “मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मग तुमचा पास अर्ध्यात नको?” त्यांना समजावून सांगितलं, की ती सवलत सरकार भरून देतं, इथली भरायला कॅशियरसाहेब तयार नाहीत. त्यांनी पूर्ण पास घेतला, पण पावतीवर ‘निषेध नोंदवून’ असं लिहून घेतलं. मागच्या चाळीतले आजोबा म्हणाले, “माझं पंच्याहत्तर झालं. मला फुकट.” नियमाला नियम. मी त्यांना फुकट पास दिला. अट एवढीच, की दर गुरुवारी शाळेत येऊन गोष्ट सांगायची. आजोबांना एकच गोष्ट येते, ती म्हणजे 1972 चा दुष्काळ. आता आमची चार वर्षांची पोरं भातुकलीत सुकडी वाटतात आणि ‘मिलोची भाकरी घशाखाली उतरत नाही’ अशी तक्रार करतात.

पण मी चकित झालो ते दुसऱ्याच गोष्टीनं. रिक्षा थांब्यावरचे सहा जण, केशकर्तनालयवाला, कोथिंबीर विकणाऱ्या मावशी, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी नर्सिंगची मुलं, यांच्यातल्या बहुतेकांनी एका शब्दावर पास घेतला. मी कोथिंबीरवाल्या मावशींना विचारलं, “एवढ्या दिवसात कधी काही दिलं नाहीत?” त्या जुडी बांधता बांधता म्हणाल्या, “मागितलं कुणी? तुमचं टेबल समोरच हुतं की. भडंगाचं पाकीट माझ्यापुढनं तुम्ही डाक्टरला नेऊन दिलंसा.” एकतीस वर्षं ‘पुढं सरका’ म्हणून ओरडलो, स्वतः सरकायचं राहूनच गेलं होतं.

डिसेंबरात 47 पास, जानेवारीत 55, फेब्रुवारीत 61, मार्च-एप्रिलात 64-64. पाच महिन्यांचे 14,550. आधीचे 7,820 धरून 22,370. पत्रेवाला परत आला, वर बघितलं, परत ‘च्च’ केलं. मी म्हटलं, “अर्ध्या छपराचे किती?” म्हणाला, “23,000.” म्हटलं, ठीक आहे. मुलं बाराच्या आतली, त्यांना अर्धंच छप्पर लागू.

कमी पडत होते 630. मीटिंग बोलवायचा कुणाला धीर होईना. मीटिंग झाली की भडंग होतं, हे आता सगळ्यांना माहीत होतं. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सामान हलवताना मावशी म्हणाल्या, “त्यो डबा बी काढू का?”

कोणता डबा? तर ऑगस्टात कॅशियरसाहेबांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला वर चीर पाडून, कुलूप घालून दानपेटी केली होती. मावशींना वर खिळा सापडेना, म्हणून त्यांनी ती मुलांच्या दप्तरांच्या खुंट्यांशेजारी टांगली. म्हणजे मोठ्या माणसाच्या गुडघ्याला. आम्ही सगळेच तिला विसरलो होतो.

कुलूप उघडून डबा चटईवर पालथा केला. नोटा आणि चिल्लर मिळून 646 रुपये. त्याखाली एक शर्टाचं बटण, एसटीचं एक जुनं तिकीट आणि चिंचोके. पुष्कळ चिंचोके. मोठ्यांना वाकून पैसे टाकताना पोरांनी बघितलं असणार, आणि आपल्याजवळ जे चलन होतं ते तीही टाकत राहिली असणार. इतिवृत्तातल्या उंदरांची निर्दोष सुटका झाली.

कॅशियरसाहेबांनी आधी पैसे मोजले. 23,016. मग चष्मा पुसून चिंचोके मोजले, दोनदा. 63. आयुष्यात कधी पाच पैशांचा फरक चालवून न घेतलेला तो माणूस. त्यांनी कॅशबुक उघडलं आणि जमेच्या बाजूला स्वच्छ अक्षरात लिहिलं : ‘वस्तुरूप देणगी – चिंचोके नग 63.’

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रे उतरवत होते. पडवीत टेबलावर हिशोब चालला होता. एक चार वर्षांचा गडी टेबलाशी येऊन उभा राहिला. टेबलाच्या वर फक्त डोळे.

“माझा एक आहे त्यात. फुटका. तो द्या.”

कॅशियरसाहेब गंभीरपणे म्हणाले, “एकदा दिलेली देणगी परत मिळत नाही.”

“मी दिला नव्हता,” गडी म्हणाला. “ठेवला होता.”

साहेबांची लेखणी थांबली. ठेव म्हटल्यावर प्रश्न वेगळाच होता. मागणी येताच ठेव परत करणं भाग. बँकेत जन्म गेलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. त्यांनी चिंचोक्यांतून फुटका चिंचोका निवडला, रीतसर व्हाउचर केलं, ‘ठेव परत, नग 1’. सहीच्या जागी गड्यानं आपला पोपट काढला. रक्कम पाच हजारांच्या आतली असल्यामुळं रेव्हेन्यू स्टँप लागला नाही.

गडी चिंचोका मुठीत घेऊन आत गेला आणि आत काय बोलला कुणास ठाऊक; पाच मिनिटांत पडवीत ठेवीदारांची झुंबड उडाली. कासव, छत्री, गाजर, माझी नात, सगळे. साहेबांनी घाईघाईनं कॅशबुक छातीशी धरलं. मी दारात उभा राहिलो, गळ्यात बॅग नसतानाही हात आपोआप तिच्या जागी गेला, आणि म्हणालो, “एकेक करून, एकेक करून. पुढं सरका.”